बोटांना न लागणारी काच

आमच्या कारखान्यात कुणी पूर्ण शब्द बोलत नाही. नव्यानं लागलेल्यांना पहिल्या दिवशी मीच वर्गात बसवते आणि सांगते, बाबांनो, इथं औषध नंतर बनतं, आधी आद्याक्षरं बनतात. क्यूए म्हणजे मालाच्या दर्जाची हमी देणारे, म्हणजे आम्ही, म्हणजे ज्यांच्यावर सगळे खार खाऊन असतात ते. एसओपी म्हणजे काम कसं करायचं त्याचं लेखी फर्मान. ओओएस म्हणजे चाचणीचा आकडा हद्दीबाहेर गेला, आता कुणाची तरी धडगत नाही. आणि सीएपीए म्हणजे झालेली चूक कशी निस्तरली आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, त्याचा जाबजबाब. त्याला सगळे ‘कापा’ म्हणतात. आमचे मोठे साहेब कुठल्याही दुखण्यावर “एक कापा टाका आणि विषय बंद करा” एवढाच उतारा सांगतात, म्हणून त्यांचं नाव पडलं कापासाहेब. वर्गात हे सांगितलं की पोरं खिदळतात. खिदळू देत. महिन्याभरात तीही तसंच बोलायला लागतात.

मला मात्र हल्ली या आद्याक्षरांचा संताप येतो. मला राग लवकर येतो हे जगजाहीर आहे, पाठीमागे मला मिरची म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि म्हणणाऱ्यांची नावंही ठाऊक आहेत. पण तो रोजचा राग वेगळा, चहाबरोबर उतरतो. हा उतरत नाही.

सुरुवात एका तक्रारीपासून झाली. आम्ही एक इंजेक्शन बनवतो, नवजात बाळांच्या रक्तात जंतू गेले की देतात ते. अंगठ्याएवढी काचेची बाटली, आत पाण्यासारखं स्वच्छ औषध, वर रबरी बूच आणि त्यावर पत्र्याचं टोपण. एका इस्पितळातल्या नर्सनं सुई खुपसायच्या आधी सवयीनं बाटली खिडकीकडे धरली आणि आत काहीतरी चमकलं. काचेचा कण. डोळ्यात तेल घालून बघावं तरच दिसेल इतका. तिनं ती बाटली बाजूला ठेवली, दुसरी घेतली, आणि आम्हाला कळवलं. त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही, पण तिचं भलं होवो.

मग आमची बैठक बसली. तासभर चालली आणि तासभरात ‘काच’ हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. ‘पार्टिक्युलेट’ म्हणत होते. बाळाला ‘पेशंट पॉप्युलेशन’ म्हणत होते. मी म्हटलं, “अहो, बाळ म्हणा की! जीभ झडेल का?” तर कापासाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, आपण भावनेत शिरायला नको. आरसीए करा.” आरसीए म्हणजे मुळाशी जाऊन कारण शोधणं. ते माझ्या गळ्यात पडलं.

बाटल्या भरताना यंत्रात एखादी बाटली तडकतेच, ते कुठल्याही कारखान्याला चुकलेलं नाही. कण उडतो, शेजारच्या उघड्या बाटलीत पडतो. म्हणून तर पुढे प्रत्येक बाटली माणसाच्या डोळ्याखालून जाते. टेबलावर एक छोटी उघडी पेटी, तिची मागची बाजू अर्धी काळी, अर्धी पांढरी, वर दिवा. बाटली उचलायची, उलटी करून हलकेच फिरवायची, काळ्यासमोर धरायची, पांढऱ्यासमोर धरायची. काच आणि दोरे काळ्यावर दिसतात, काळे ठिपके पांढऱ्यावर. चांगली उजवीकडे, खराब डावीकडच्या लाल डब्यात. तेव्हा खरा प्रश्न एवढाच होता, की ही बाटली कुणाच्या डोळ्याखालून निसटली.

खोक्यावर टेबलाचा शिक्का असतो. तक्रार आलेल्या खोक्यावरचा मी पाहिला आणि पुढच्या बैठकीत सांगितला, तर सगळे हसायलाच लागले. टेबल दुर्बीणताईचं होतं.

दुर्बीणताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझा अभ्यास तिनं घेतला, पाठीत धपाटेही तिनंच घातले. मला या कारखान्यात चिकटवलं तेही तिनं. ती तपासणीच्या खोलीत लागली तेव्हापासून तिची ख्याती अशी, की बाटलीत केस सापडला तर ताई तो कुणाच्या डोक्यातला तेही सांगेल. ऑडिटवाले परदेशी पाहुणे आले की कापासाहेब त्यांना आधी ताईच्या टेबलाशी नेऊन उभे करत. नव्या मुलींना तीच शिकवायची. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, फार बोलत नाहीत, पण तिच्या या कौतुकाच्या गोष्टी मात्र येईल त्याला ऐकवायचे. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती वर, मी खाली.

“ताईच्या टेबलावरून काच जाणं शक्य नाही,” साहेब म्हणाले. “वाटेत काहीतरी झालं असेल. बघा आणि कापा टाका.”

मलाही तेच वाटत होतं. खोटं कशाला बोलू? ताईची बाजू पक्की करावी म्हणूनच मी खराब मालाच्या पिंजऱ्यात गेले. प्रत्येक टेबलाचे लाल डबे तिथं कुलपात ठेवतात. मी प्रत्येक टेबलाचा एकेक डबा काढला आणि निरनिराळ्या ट्रेमध्ये रिकामा केला. म्हटलं, इतरांपेक्षा ताईनं किती बारीक माल पकडलाय ते साहेबांच्या नाकासमोर मांडते.

इतर मुलींच्या ट्रेमध्ये सगळ्या तऱ्हा होत्या. तडा गेलेल्या, टोपण सैल झालेल्या, कमी भरलेल्या, आत पांढरा दोरा असलेल्या, काळा ठिपका असलेल्या, काच असलेल्या. ताईच्या ट्रेमध्ये तडे होते. सैल टोपणं होती. कमी भरलेल्या होत्या. मी ट्रे दिव्याखाली घेतला आणि एकेक बाटली फिरवून पाहिली. दोरा नाही. ठिपका नाही. काच नाही. दुसरा डबा आणला. तेच. जुना, मागच्या मालाचा डबा शोधून काढला. तेच.

मी तिथं पिंजऱ्यात खाली बसले. तडा बोटाला लागतो. सैल टोपण बोटांत फिरतं. कमी भरलेली बाटली हाताला हलकी लागते. ताईनं पकडलेली एकूणएक बाटली डोळे मिटून पकडता आली असती.

तरी मन म्हणत होतं, मिरचे, उगाच राईचा पर्वत करू नकोस. खात्री करायला हवी होती. दुसऱ्या मुलीच्या लाल डब्यातली एक बाटली मी घेतली, आत चांगला ठळक काचेचा कण असलेली. तळाला अदृश्य शाईचा ठिपका दिला, जांभळ्या दिव्याखालीच दिसतो तो. आणि ताई डबा खायला गेली असताना तिच्या तपासायच्या ट्रेमध्ये ती मधोमध ठेवली.

ताई परत आली, टोपी नीट केली, बसली. मी मागे उभी. एकेक बाटली उचलायची, उलटायची, काळ्यासमोर, पांढऱ्यासमोर, ओठांतल्या ओठांत आकडे मोजायचे. सगळं एसओपीबरहुकूम. काय ते हात! वर्षानुवर्षं तेच करून गुळगुळीत झालेली लय. ती बाटली तिच्या हातात आली. दिव्याखाली आतला कण लखकन चमकला, मला लांबून दिसला. ताईनं ती काळ्यासमोर धरली. पांढऱ्यासमोर धरली. आणि उजवीकडे ठेवली.

पाळी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत मी तिला गाठलं. बाकीच्या मुली गेल्या होत्या. बरोबर जांभळा दिवा आणि ती बाटली होती.

“ताई, तुला काच दिसत नाही.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते. आज तुझ्या ट्रेमध्ये ठेवली होती. तू चांगल्यात टाकलीस.”

तिनं टोपी काढून भिरकावली. “माझी परीक्षा घेतलीस? मी तुला पाटीवर हात धरून गिरवायला शिकवलं, आणि तू माझी परीक्षा घेतेस? लाज नाही वाटली, धाकटे?”

“वाटली. तरी घेतली. बोल आता.”

ती बाकावर बसली. बराच वेळ हातमोजे काढत राहिली, जणू ते निघतच नव्हते. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती माझ्या कानाकडे. गेले कितीतरी महिने ती तशीच बघायची. मला वाटायचं रुसलीय माझ्यावर, आणि मीही ताठ्यात विचारलं नव्हतं.

“मधलं गेलंय,” ती म्हणाली. “समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग दिसतो. कडेचं दिसतं. तुझा कान दिसतो, तोंड दिसत नाही.”

“कधीपासून?”

“हळूहळू गेलं गं. एका दिवसात गेलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं.”

“आणि दरवर्षी डोळे तपासतात ते?”

“तक्ता तोच. भिंत तीच. अक्षरं मला तुझ्या नावासारखी पाठ आहेत.”

“आणि किट?”

किट म्हणजे तपासणाऱ्यांची परीक्षा. चांगल्या बाटल्यांत मुद्दाम खराब बाटल्या मिसळतात आणि सगळ्या शोधायला लावतात. पास झालं तरच टेबलावर बसता येतं. आमच्याकडे ते किट कुणी बनवलं? ज्यांची नजर सर्वांत चांगली त्यांनी, म्हणजे ताईनंच, फार पूर्वी. आणि नंतर तिलाच दरवर्षी तेच किट देत आले. कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं, एसओपीत तसंच लिहिलंय!

“तेव्हा दोऱ्याच्या आणि काचेच्या रिजेक्ट बाटल्या जुन्या साच्यातल्या मिळाल्या होत्या,” ताई म्हणाली. “त्यांच्या तळाला कड आहे. हाताला लागते.” मग हळूच म्हणाली, “मला वाटायचं, भागतंय. बोटं कधी चुकली नाहीत माझी.”

“काच आत असते ताई. बोटं बाहेर असतात.”

हे मी बोलून गेले आणि तिचा चेहरा पाहून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण शब्द तोंडातून सुटला तो सुटला.

“तुझं काय जातं बोलायला?” ती उसळली. “इथं मी दुर्बीणताई आहे. पोरी माझ्याशी बोलताना उभ्या राहतात. उद्यापासून मी कोण? खिडकीत बसून रस्त्याच्या कडा बघणारी बाई?”

“ताई, ते इंजेक्शन बाळांना देतात.”

“मला माहीत नाही? मला शिकवतेस?” आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. “रोज येताना ठरवते, आज सांगायचं. टेबलाशी बसले की हात आपोआप चालायला लागतात, आणि वाटतं, दिसतंय की.”

“उद्या सकाळी साहेबांना सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.”

“तू नाही सांगणार,” ती म्हणाली. “मी तुझी ताई आहे.”

त्या संध्याकाळी आम्ही घरी बरोबर गेलो, नेहमीसारख्या. जिन्याशी ती वर गेली आणि मी खाली वळले.

दुसऱ्या दिवशी ती टेबलावर जाऊन बसली. मी दारातून पाहिलं. हात चालू होते. उजवीकडचा ढीग वाढत होता. त्याच इंजेक्शनचा माल गोदामात तयार होता आणि दुपारी गाडी लागणार होती. त्यातला निम्माशिम्मा तिच्या हाताखालून गेलेला. मी सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

सगळं सांगितलं. लाल डब्यांचं, ठिपक्याच्या बाटलीचं, किटचं. साहेब ऐकत होते, पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

“अहवालात एचई लिहा,” ते म्हणाले.

“एचई म्हणजे?”

“मॅडम, तुम्हीच शिकवता ना वर्गात?”

“तरी पूर्ण बोला.”

“ह्यूमन एरर. मानवी चूक. लक्ष विचलित झालं. रिट्रेनिंग घ्या, किट पुन्हा द्या, कापा बंद करा.”

“साहेब, लक्ष नाही गेलेलं. डोळे गेलेत.”

ते उठले आणि त्यांनी दार लावलं. परत खुर्चीवर न बसता माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आवाज एकदम मऊ केला.

“आज दिसत नाही म्हणता. मग कधीपासून दिसत नाही? हा पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच. तेव्हापासूनचा सगळा माल परत बोलवावा लागेल. कुठं कुठं गेलाय माहीत आहे? कारखाना राहील का? तुमच्या त्या पोरी कुठं जातील?” ते थांबले. “आणि तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी. एकाच इमारतीत राहता. तुम्हाला कालच कळलं, यावर कोण विश्वास ठेवणार? हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका, मॅडम. ज्याची विचारणा झालेली नाही त्याचं उत्तर आपण देत नाही. हेही तुम्हीच शिकवता.”

खरंच शिकवते. ऑडिटच्या आधी सगळ्यांना घोकून घेते, विचारलं तेवढंच सांगा.

तेवढ्यात दार उघडलं. न ठोठावता. ताई होती, अंगावर अजून तपासणीच्या खोलीतला पांढरा कोट, जो घालून बाहेर यायला सक्त मनाई आहे.

“साहेब,” ती म्हणाली, “मला दिसत नाही.”

साहेबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “ताई, तुम्ही दमलाय. चार दिवस रजा घ्या. विश्रांती मिळाली की बरं वाटेल.”

“रजेनं डोळे नाही यायचे. मला बाटलीतली काच दिसत नाही. बराच काळ दिसत नाही.”

“तुम्ही क्वालिफाइड आहात. रेकॉर्ड आहे.”

“अहो, मला दिसत नाही!” ती ओरडली, बहिऱ्याशी बोलावं तशी. बाहेरच्या टंकलेखनाचा आवाज थांबला. “एवढे साधे शब्द आहेत. यातला कुठला कळत नाही तुम्हाला?”

“हे मी ऐकलेलं नाही,” साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “आणि तुम्हीही नाही.”

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आमची आई म्हणायची म्हणे. मला आई आठवत नाही, ताईकडूनच ऐकलंय. पण त्या क्षणी मला म्हण वगैरे काही सुचली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली एवढंच कळलं. ताईचा हात धरला, तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, माझ्या टेबलाच्या खणातून लाल लेबलांची गुंडाळी घेतली आणि गोदामाकडे पळत सुटले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. क्यूएनं मालावर लाल लेबल लावलं की तो माल हलत नाही. कुणाच्याही सांगण्यावरून हलत नाही. आणि लेबलाचा आकडा संगणकात टाकला की तो थेट मुख्य कचेरीत दिसतो, इथून पुसता येत नाही. म्हणून लाल लेबल लावायला आमची माणसं कचरतात. चुकीचं लागलं तर लावणाऱ्याची गय नाही.

गाडी लागलेली होती. मागचं दार उघडं, पहिला थर आत गेलेला. गोदामवाले काका फोर्कलिफ्टवर बसून दुसरा थर उचलत होते. मी लेबलं लावत सुटले, बाहेरच्या थरावर, उचललेल्या थरावर, गाडीत चढून आतल्या थरावर. घाईत दोन वाकडी लागली.

“मॅडम, हे काय?” काका म्हणाले. “साहेबांचा आत्ताच फोन आला, लवकर भरा म्हणून.”

“यात काच आहे, काका. माल नीट तपासलेला नाही. बाळांचं इंजेक्शन आहे.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, लेबलाकडे पाहिलं, आणि यंत्राची किल्ली काढून खिशात घातली. पुन्हा फोन वाजला. तो उचलून ते म्हणाले, “लाल लागलंय साहेब. लाल लागल्यावर मी घरच्या म्हातारीचंही ऐकत नाही,” आणि ठेवून दिला. मी गाडीच्या मागच्या फळीवर बसले आणि ढसाढसा रडले. रडायची मला तशी सवय नाही.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यात शौर्य वगैरे काही नाही. लेबलांचे आकडे मी त्याच दुपारी संगणकात टाकले आणि मुख्य कचेरीतून माणसं आली. कापासाहेब ‘दुसऱ्या जबाबदारीवर’ गेले. माझी चौकशी लागली, अजून चालू आहे, मला कधी कळलं, हा साहेब म्हणाले होते तोच प्रश्न त्यांनी विचारला आणि रोज नव्या शब्दांत विचारतात. तपासणीच्या खोलीला कुलूप लागलं. पोरी ताईला बघून रस्ता बदलतात. एकीनं तर तोंडावर म्हटलं, “तुम्ही गप्प बसला असतात तर बरं, नाहीतर आधी तरी बोलायचं होतंत.” ताईनं दोन्ही ऐकून घेतलं.

गोदामातला माल पुन्हा तपासला. त्यात काच निघाली. फार नाही निघाली, पण निघाली. मग बाहेर गेलेला माल परत मागवला. इस्पितळांकडून उत्तरं यायला लागली. कुठलं बाळ दगावल्याचं त्यांत नव्हतं. दगावल्याचं नव्हतं, तसं दगावलं नसल्याचंही नव्हतं. ज्या बाळाच्या रक्तात आधीच जंतू आहेत, ते कशानं गेलं हे कोण उकलून बघतंय? हे मी ताईशी कधी बोलले नाही. तिला ते माझ्या आधी कळलं होतं.

परत आलेली खोकी उघडून मोजायचं काम मी मागून घेतलं. ताईला कारखान्यात यायचं कारण उरलं नव्हतं. तरी ती रोज माझ्याबरोबर यायची आणि गोदामामागे मी मोजायचे त्या अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसायची. मुख्य कचेरीवाल्यांना मी सांगितलं, ती बसणार, काय करायचं ते करा. भाऊजी तिला समजावून थकले. “तिथं बसून काय मिळतं तुला?” त्यांनी विचारलं, तर म्हणाली, “मिळायला नाही जात.”

पहिलं खोकं उघडलं. आत पुठ्ठ्याचे खण, प्रत्येक खणात एक बाटली. मी मोठ्यानं मोजायला लागले, कारण मोजताना मनात मोजायचं नाही असा नियमच आहे. एक, दोन, तीन. ताई मान थोडी तिरकी करून ऐकत होती, नजर माझ्या कानावर. सहा, सात. आणि मी थांबले.

“का थांबलीस?” ताईनं विचारलं.

“पुढचे खण रिकामे आहेत.”

“फुटल्या असतील वाटेत.”

खोकं कोरडं होतं. पुठ्ठ्यावर डाग नव्हता, तुकडा नव्हता. मला खोटं बोलता आलं असतं. ती मानायला तयार होती, तिनं स्वतःच तर सुचवलं होतं.

“नाही ताई,” मी म्हणाले. “वापरल्या.”

तिचे हात मांडीवर होते, आणि ते हलायला लागले. अंगठा आणि दोन बोटांत काहीतरी धरून उलटं करावं, फिरवावं, तसे. मी ते पकडून घट्ट धरले. बाहेर आणखी एक गाडी मागे येत होती, तिचा पीं-पीं आवाज येत होता आणि काका कुणाला तरी ओरडून सांगत होते, की परतीचा माल या बाजूला, थप्पी लावा.

“पुढचं उघड,” ताई म्हणाली. “आणि रिकामे खणही मोठ्यानं मोज.”